छप्पन्न नंबरचा रस्ता

वाचकहो, परदेशी जाऊन आलेल्या माणसाला लोक आधी विचारतात, नायगारा पाहिला का? मी पाहिला नाही. थोरल्या मुलीच्या बाळंतपणासाठी आमच्या सौभाग्यवती कॅनडात गेल्या होत्या. त्यांना परत आणायचे म्हणून मी तीन आठवड्यांची रजा काढून गेलो. मुलगी आणि जावई राहतात सॅस्कॅचेवान प्रांतातल्या रिजायना शहरी. नायगारा तिथून दोन हजार किलोमीटरांहून लांब. तेव्हा एका रविवारी जावईबापूंनी विचारले, "मामा, आज कुठं जायचं?" मी म्हणालो, "इंडियन हेड नावाचं गाव जवळपास आहे ना? तेवढं दाखवा."

ते चकित झाले. त्या गावी पाहायला कोण जातो! पण मी बी. एस्सी. ॲग्रिकल्चरला होतो तेव्हा कोरडवाहू शेतीच्या एका पुस्तकात हे नाव वाचले होते, ते तीस वर्षांहून अधिक काळ डोक्यात राहिले होते.

इंडियन हेड रिजायनाच्या पूर्वेला सत्तर किलोमीटरवर आहे. तिथे एक नंबरच्या हमरस्त्यावरून उत्तरेला एक रस्ता फुटतो, त्याचा नंबर ५६. आधी तो गव्हाच्या आणि कॅनोलाच्या रानातून जातो. कॅनोला म्हणजे मोहरीच्या कुळातले तेलबी. जुलैत सारे रान पिवळे धमक असते. मग रस्ता एकदम दरीत उतरतो, तळ्यांच्या काठाकाठाने लेब्रेट गावावरून जातो आणि फोर्ट कापेलजवळ दहा नंबरच्या रस्त्याला मिळतो. सगळा मिळून चाळीस किलोमीटरच्या आसपास. पंढरपुराहून सांगोल्याला जाऊन थोडे पुढे गेलात, एवढाच.

या चाळीस किलोमीटरांत मला माझीच एक जुनी चूक भेटली. ती पुढे सांगेन. आधी तुम्हीही गाडीत बसा, रस्ता बघू.

साखळीने मापलेला मुलूख

प्रेअरी म्हणजे गवताळ सपाट मुलूख. आपल्याकडे सपाट म्हटले तरी कुठे टेकडी, कुठे ओढ्याची झाडी दिसते. तिथे नजर अडतच नाही. रस्ते सुतात मारल्यासारखे सरळ. का, तर १८७० नंतर कॅनडा सरकारने साखळ्या टाकून सारा मुलूख चौकटींत कापला. एक मैल लांब आणि एक मैल रुंद, म्हणजे ६४० एकरांची एक चौकट. तिचा चौथा हिस्सा, १६० एकर, दहा डॉलर फी भरणाऱ्याच्या नावे होई. अट अशी की तीन वर्षे तिथे राहायचे, घर बांधायचे, ठरलेली जमीन नांगराखाली आणायची.

चौकटींच्या मधून रस्त्यासाठी पट्टी आधीच सोडलेली असे. या भागात ती साधारण ६६ फुटांची. ६६ फूट म्हणजे इंग्रजी मोजणीची एक साखळी. आपली गुंठ्याची साखळी ३३ फुटांची, तिची निम्मी. तेव्हा त्यांचा एकर आणि आपला एकर एकच आहे, हे मी जावईबापूंना सांगितले तेव्हा त्यांना फार गंमत वाटली.

"म्हणजे इथं शेतरस्त्यावरून भांडण नाही. आधी रस्ता, मग शेत," ते म्हणाले. मी मान डोलावली. पण ही साखळी टाकण्यापूर्वी जमीन कोणाची होती, हा प्रश्न राहतोच. तो आम्हाला पुढे दरीत भेटणार होता.

काळे रान आणि एक पड ठेवलेले शेत

इंडियन हेडची माती पाहिली आणि मी गाडी थांबवायला लावली. काळी, भारी, चिकण. ओली असता पायाला चिकटते, वाळली की भेगाळते. आपल्या सोलापूर, मंगळवेढ्याच्या रानाची सख्खी नव्हे तरी चुलत बहीण शोभेल. आपली काळी माती काळ्या पाषाणाची झीज होऊन झाली. त्यांची झाली हिमयुगाच्या अखेरीस इथे साचलेल्या मोठ्या तळ्याच्या गाळापासून. पाऊस म्हणाल तर बर्फ धरून वर्षाला सव्वाचारशे मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे माण-आटपाडीकडच्या माणसाला नवल वाटू नये असा. वर हिवाळा इतका कडक की पिकाला दहिवराशिवाय मिळणारे दिवस जेमतेम साडेतीन-चार महिन्यांचे.

१८८२ साली कॅनेडियन पॅसिफिक रेल्वे इथवर आली आणि तिच्या पाठोपाठ शेतकरीही आले. त्याच साली मेजर विल्यम बेल नावाच्या गृहस्थाने कंपनी काढून एका ठिकाणी ५३,००० एकरांचे शेत मांडले. नांगरांच्या रांगाच्या रांगा, शेकड्यांनी घोडी. त्याचा दगडी गोल तबेला गावाच्या उत्तरेला अजून पाहायला मिळतो. तो पडझडीला आला होता. २००८ नंतर त्याच दगडांतून तो पुन्हा उभा केला आहे. शेत मात्र दहा वर्षेही धड चालले नाही. अवेळी थंडी, अवर्षण आणि अंगाबाहेरचा खर्च यांनी कंपनी बुडाली.

पण त्या भागातल्या शेतांनी एक गोष्ट शिकवली. १८८५ साली उत्तरेकडे मेटी लोकांनी लुई रिएल यांच्या पुढारीपणाखाली उठाव केला. सरकारी फौजेच्या सामानासाठी इंडियन हेडची घोडी आणि माणसे भाड्याने गेली. पेरणीला जोडीच नाही, म्हणून बरीच राने त्या साली पेरल्याविना राहिली. पुढे उन्हाळ्यात ती नांगरून, पाळ्या घालून ठेवली. १८८६ साली कडक अवर्षण पडले. दरवर्षी पेरणाऱ्यांची शेते करपली आणि मागच्या साली पड राहिलेल्या रानात गहू उभा राहिला.

हे अँगस मकाय नावाच्या शेतकऱ्याने नीट पाहिले. मनाशी पक्के केले की एक साल रान पड ठेवायचे, पाऊस पडला की पाळी घालायची, तण येऊ द्यायचे नाही आणि मुरलेल्या ओलीवर दुसऱ्या साली गहू घ्यायचा. १८८८ साली सरकारने इंडियन हेडला प्रयोगक्षेत्र काढले आणि मकाय यांनाच त्याचे प्रमुख नेमले. पुढे जवळजवळ पंचवीस वर्षे त्यांनी ही उन्हाळपड प्रेअरीभर शिकवली. हजारो घरे त्या उपायावर तगली यात शंका नाही.

वाचकहो, आपल्या रब्बी ज्वारीच्या पट्ट्यात तुमचे आजे-पणजेही खरिपात रान मोकळे ठेवून, कुळवाच्या पाळ्या घालून, उत्तरा-हस्ताच्या ओलीवर शाळू पेरीत आले. पुस्तक न वाचता त्यांनी तेच गणित मांडले होते. म्हणूनच ते गाव माझ्या लक्षात राहिले होते.

कलकत्त्याची लेक

याच प्रयोगक्षेत्राची आणखी एक हकीकत ऐका. त्या मुलखात रेड फाइफ नावाचा गहू चांगला होई, पण तो उशिरा पिके आणि ऐन दाण्यात थंडी सापडे. सॉण्डर्स बंधूंच्या हातून त्याचा संकर झाला. रेड फाइफ झाला बाप. आई कोण असेल? आपल्या देशातून गेलेला 'हार्ड रेड कलकत्ता' नावाचा गहू! दाणा बारीक, पण पिकायला लवकर. या संकरातून चार्ल्स सॉण्डर्स यांनी एक वाण निवडला. दळायला पुरेसा गहू नव्हता म्हणून ते दाणे तोंडात चावून त्याचा चिकटपणा पारखीत. १९०७ साली ते बी इंडियन हेडच्या काळ्या रानात पेरून पाहिले. आठवडाभर आधी पिकले, उतारा चांगला, भाकरीला उत्तम (त्यांची भाकरी म्हणजे पाव). त्या वाणाचे नाव मार्क्विस. १९२० च्या सुमारास प्रेअरीवरचा बहुतेक गहू मार्क्विसच होता.

पण तोही कायमचा टिकला नाही. १९१६ साली तांबेऱ्याने त्याला झोडपले आणि पुढे तांबेरा सोसणारे दुसरे वाण आले.

वाघिणींची रांग

गावात रेल्वेच्या कडेला उभे राहिलो. पूर्वी प्रेअरीवर दर आठ-दहा मैलांवर लाकडी उंच धान्यकोठारे रुळालगत असत. ती बहुतेक आता गेली. मोठमोठी सिमेंट-पोलादाची थोडी कोठारे उरली. १९०१ साली मात्र सारा कारभार त्या जुन्या कोठारांच्या हाती होता.

त्या साली गहू अमाप पिकला. न्यायला वाघिणी पुरेनात. कायद्याने शेतकऱ्याला फलाटावरून स्वतःचा गहू थेट वाघिणीत भरण्याचा हक्क होता. पण वाघीण आधी मिळे कोठारवाल्याला. शेतकऱ्याने बैठे राहावे, नाहीतर कोठारवाला देईल तो भाव आणि मापेल ते माप पत्करावे. पुष्कळांचा गहू नीट निवाऱ्यावाचून हिवाळ्यात पडून राहिला. भरल्या खळ्यावर बसून रिकाम्या हाताने घरी जाणे म्हणजे काय, हे तुम्हांला मी सांगायला नको. कांद्याच्या दिवसांत आपणही ट्रॅक्टरच्या रांगेत रात्री काढल्या आहेत.

दरीच्या पलीकडे ॲबरनेथी गावी विल्यम मदरवेल नावाचे शेतकरी होते. तिकडे तेव्हा रेल्वे पोचली नव्हती. त्या बाजूच्या लोकांना गव्हाच्या गाड्या दरीत उतरवून, पुन्हा चढ चढवून इंडियन हेडला आणाव्या लागत. एवढे करून बाजारात वाघीण नाही! मदरवेल आणि शेजारच्यांनी डिसेंबर १९०१ मध्ये इंडियन हेडला सभा भरवली आणि धान्य पिकवणाऱ्या शेतकऱ्यांची संघटना स्थापली. पुढच्याच साली जवळच्या सिंटालुटा स्टेशनच्या रेल्वे एजंटावर त्यांनी फिर्याद लावली. आरोप एवढाच, की वाघिणी नोंदवहीतल्या नंबराप्रमाणे दिल्या नाहीत. एजंटाला ५० डॉलर दंड झाला आणि वरच्या न्यायालयातही निकाल टिकला.

दंड तो केवढा! पण त्या दिवसापासून रांग ती रांग झाली. कोठारवाला असो की एका गाडीचा शेतकरी, ज्याचे नाव आधी त्याची वाघीण आधी. १९०५ साली सॅस्कॅचेवान प्रांत झाला तेव्हा हेच मदरवेल त्याचे पहिले शेतीमंत्री झाले. सहकारी खरेदी-विक्रीची पुढची सारी चळवळ या मुळावर वाढली.

धूळ आणि झाडे

आता आमची गाडी उत्तरेला लागली. रानाच्या कडेला कुठे कुठे झाडांच्या लांब ओळी दिसत होत्या. वारा अडवायला लावलेले हे पट्टे. त्यांची रोपे बहुधा इंडियन हेडच्याच सरकारी रोपवाटिकेतून गेलेली असणार. १९०१ साली सुरू झालेल्या योजनेतून या मुलखातल्या शेतकऱ्यांना साठ कोटींहून अधिक रोपे दिली गेली.

झाडांची एवढी गरज का पडली? ऐका. उन्हाळपडीने ओल राखली, पण रान उघडे पडले. वरचेवर पाळ्या घालून मातीचा भुगा झाला. १९३० नंतरच्या दशकात अवर्षण आणि वारा एकदम आले आणि तो भुगा उडाला. दिवसा दिवे लावावे लागत, दारा-खिडक्यांच्या फटींत ओली फडकी कोंबावी लागत. वरून गव्हाचा भाव कोसळलेला. कुटुंबेच्या कुटुंबे घरदार सोडून उत्तरेला गेली. १९३५ साली सरकारला प्रेअरीची शेती सावरण्यासाठी खास कायदा करावा लागला.

म्हणजे पाहा, १८८६ साली ज्याने पीक वाचवले त्यानेच पन्नास वर्षांनी जमीन उडवली. शिवाय पुढे मोजमाप झाले तेव्हा दिसले की वर्षभर रान पड ठेवून पावसातला पाचवा हिस्साच कसाबसा मातीत राहतो; बाकीचा उन्हावाऱ्याने जातो. मातीतला कस जळतो आणि सखल रानात खार वर येतो. तरीही १९७० च्या सुमारास कॅनडात एक कोट हेक्टरांहून अधिक जमीन दरसाल पड असे. सवय मोडायला आणखी एक पिढी गेली.

ती मोडली कशी, तेही याच गावाने दाखवले. इंडियन हेडच्या प्रयोगक्षेत्रावर आणि आसपासच्या शेतांवर न नांगरता पेरण्याचे प्रयोग झाले. इथल्याच एका शेतकऱ्याने खत आणि बी एकाच वेळी, पण वेगवेगळ्या खोलीवर सोडणारे पेरणीयंत्र बनवले. मागच्या पिकाची धसकटे उभीच ठेवायची, त्यांत हिवाळ्याचे बर्फ अडते, त्याचे पाणी मुरते. वसंतात त्या धसकटांतच पेरायचे. पड ठेवायच्या साली मसूर किंवा वाटाणा घ्यायचा. सॅस्कॅचेवान विद्यापीठाने १९७८ साली 'लेअर्ड' नावाचा मसूर काढला आणि पुढे हा प्रांत मसुरीचे मोठे कोठार झाला. त्या रात्री मुलीच्या घरी सौभाग्यवतींनी मसुरीची आमटी केली. मी विचारले, डाळ कुठली? तर पिशवीवर इथलेच नाव. आपल्या किराणा दुकानातही ही मसूर येते. तिकडे ज्या रानाची पड मोडली, त्या रानाचा माल आपल्या डाळीच्या भावाशी येऊन भिडतो. २०१७ साली आपल्या सरकारने वाटाण्यावर ५० टक्के आयात शुल्क बसवले, तेव्हा त्याची झळ थेट या रस्त्याकडच्या शेतकऱ्याला लागली.

आणि आता? नांगर थांबला, तण मारायला औषध आले. एकच औषध वर्षानुवर्षे मारून कोचिया नावाचे तण त्याला दाद देईनासे झाले आहे. मोठ्या यंत्रांना वळायला अडचण होते म्हणून काही शेतकरी वाऱ्याआडची झाडे काढू लागले आहेत. रोपे देण्याची ती योजना सरकारने २०१३ साली बंद केली.

दरीत

वीसेक किलोमीटर सपाटी संपते न संपते तोच रस्ता खाली उतरू लागला. सपाट ताटाला मध्येच खोल चर पाडावा तशी कापेलची दरी आहे. बारा-चौदा हजार वर्षांपूर्वी वितळत्या हिमाच्या पाण्याने ती कोरली. तळाशी एकापुढे एक चार तळी आहेत: पास्क्वा, एको, मिशन आणि कटेप्वा. कटेप्वाच्या काठी उन्हाळ्यात पोरेबाळे पोहतात, शहरातली माणसे बंगल्यांत येऊन राहतात.

कटेप्वा हा क्री भाषेतला शब्द, कापेल हा फ्रेंच. दोन्हींत एकच प्रश्न आहे: कोण हाक मारते? कथा अशी सांगतात, की एक तरुण होडीतून रात्री जात असता त्याला आपल्या नावाची हाक ऐकू आली. त्याने विचारले, कोण आहे? उत्तर नाही, नुसता पडसाद. घरी पोचला तो त्याची वाग्दत्त वधू त्याच रात्री त्याला हाक मारीत वारलेली.

पुढे लेब्रेट. तळ्याकाठी १९२५ साली रानातल्या गोट्यांनी बांधलेले देखणे चर्च आहे, मागे टेकडीवर लहानसे प्रार्थनामंदिर. इथेच १८८४ पासून १९९८ पर्यंत मूळ रहिवाशांच्या मुलांसाठी निवासी शाळा होती. मुलांना आईबापांपासून दूर आणून ठेवीत, घरची भाषा बोलू देत नसत. पहिली कित्येक दशके अर्धा दिवस शिक्षण आणि अर्धा दिवस शाळेच्या शेतात नि घरकामात राबणे. कित्येक मुले परत गेलीच नाहीत. जानेवारी २०२३ मध्ये स्टार ब्लँकेट या क्री समाजाने शाळेच्या आवारात जमिनीखालील तपासणीचे निष्कर्ष सांगितले, तेव्हा एका लहान मुलाच्या जबड्याचे हाडही सापडले होते, सव्वाशे वर्षांपूर्वीचे. आम्ही तिथे थोडा वेळ गप्प उभे राहिलो. जावईबापूंच्या कडेवर त्यांची तान्ही मुलगी होती.

फोर्ट कापेलला रस्ता संपतो. सप्टेंबर १८७४ मध्ये इथे राणीचे अधिकारी आणि क्री, सोटो लोकांचे प्रमुख यांच्यात चौथा करार झाला. रानरेडे संपत आले होते, उपासमार दारात होती. करारात माणशी वर्षाला पाच डॉलर, राखीव जमीन, नांगर, कुदळी, बियाणे असे ठरले. ते पाच डॉलर आजही वाटले जातात. या करारानंतरच वरची साखळी पडत गेली आणि चौकटी वाटल्या गेल्या.

त्या लोकांनी शेती केली नाही असे कोणी म्हणेल तर ते खोटे आहे. त्यांनी जमीन मोडली, गहू पिकवला. मग सरकारी अंमलदारांनी नियम काढला की गोऱ्यांसारखी यंत्रे त्यांनी वापरू नयेत, हातातल्या अवजारांनी थोडीशी शेती करावी. आणि पिकवलेला दाणा विकायचा तर अंमलदाराचा परवाना पाहिजे. परवाना नाही, तर विक्री नाही. वरच्या गावात १९०१ साली शेतकरी वाघिणीसाठी भांडले, फिर्याद लावली, जिंकले. त्याच काळात खालच्या दरीतल्या शेतकऱ्याला स्वतःचे पोते विकायला चिठ्ठी लागत होती. परवान्याचे ते कलम कायद्याच्या पुस्तकातून निघाले २०१४ साली. न्यायाची रांग लागली खरी, पण सगळ्यांना त्या रांगेत उभेच राहू दिले नव्हते.

माझी चूक

आता माझे सांगतो. नोकरीला लागून दोन-तीन वर्षे झाली होती. एका गावात उताराच्या मध्यम काळ्या रानाचा एक शेतकरी होता. वयाने माझ्या वडिलांएवढा. आम्ही त्यांना आबा म्हणत असू. ते खरिपात त्या रानात मटकी-हुलगा टाकीत आणि मग जमेल तशी ज्वारी घेत. मी त्यांना पुस्तकी हिशेब सांगितला. म्हटले, आबा, खरीप सोडा, रान स्वच्छ ठेवा, दर पावसानंतर पाळी घाला, ओल धरा, ज्वारी दुप्पट येईल. आबांनी माझ्या शब्दाखातर ऐकले. बांधबंदिस्ती पुरी झाली नव्हती, ते मी मनावर घेतले नाही. सप्टेंबरात एका रात्री ढगफुटीसारखा पाऊस झाला. सकाळी गेलो तर उघड्या, भुसभुशीत रानाला घळी पडलेल्या, वरची माती ओढ्यात.

आबा रागावले नाहीत. ओढ्यातला मूठभर गाळ उचलून म्हणाले, "सायेब, वल धरायची म्हनलात. पर वल धरायला माती तर ऱ्हायला पायजे."

हे वाक्य मी तीस वर्षे बाळगले. कमीपणा वाटे म्हणून कोणाला सांगितले नाही. इंडियन हेडला त्या काळ्या रानाच्या कडेला ते पुन्हा ऐकू आले आणि एक उमज पडली. मकाय यांची शिकवण खोटी नव्हती, माझेही पुस्तक खोटे नव्हते. चूक झाली ती एका रानाचा धडा दुसऱ्या रानावर न पाहता लादण्यात, आणि एकदा साधलेला उपाय कायमचा मानण्यात.

म्हणून तिकडचे पाहून लगेच नांगर विका, असे मी तुम्हांला सांगणार नाही. त्यांच्या धसकटात बर्फ अडते, आपल्याकडे बर्फ नाही. त्यांच्या गोठ्यात जनावर नाही. आपला कडबा रानात ठेवला तर बैलाने काय खायचे? पण एवढे करा. खरिपात रान मोकळे ठेवायचेच असेल तर उताराला आडव्या पाळ्या घाला आणि जुलैतच चौकोनी वाफे बांधा, म्हणजे पाणी जागच्या जागी मुरेल. जमीन खोल आणि पाऊस बरा असेल तर मूग-उडदासारखे लवकर निघणारे पीक घेऊन मातीवर पांघरूण ठेवा. बांधावरचे झाड तोडण्यापूर्वी दोनदा विचार करा. आणि आमच्यासारखा कोणी साहेब सल्ला देईल, तर तो ऐका, पण आधी एका कोपऱ्यात, दहा गुंठ्यांवर करून पाहा.

आबा आता नाहीत. त्यांचा मुलगा ते रान करतो. बांध घातले आहेत, मूग करतो. परत आल्यावर मी त्याच्याकडे गेलो आणि ही हकीकत सांगितली. त्याने शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाला, "ती घळ अजून पुरती भरली न्हाई, सायेब. चला, दावतो."

आम्ही दोघे बांधावरून चालत गेलो.